शेवेवरच्या रीलला शिव्या पडल्या, आता बंद करू का? – माझं उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मी इंदूरचीच, आहारतज्ज्ञ आहे, दीड वर्षापासून मराठी-हिंदीत आरोग्याच्या रील टाकते. मागच्या महिन्यात शेव-नमकीनमधल्या मिठावर एक रील टाकली तर शेकड्यानं कमेंट आल्या, बहुतेक टोमणे नाहीतर शिव्या, घरच्या ग्रुपवरही थट्टा झाली. लसीवर, शुगरवर इतक्या मेहनतीनं बनवते त्याला मात्र कोणी विचारत नाही. इनबॉक्समधे चाळीसेक मेसेज पडलेत, एका काकूंनी लिहिलंय की रील बघून बीपी मोजलं तर १८०/११० आलं, पण आता उघडायचीही इच्छा होत नाही. आरोग्याचं सांगितलं की लोक असे का वागतात? आणि हे चालू ठेवू का?

अगं, सगळ्यात आधी त्या काकू. तू त्यांचं जाता जाता लिहिलंस पण मी तिथेच थांबले. हे उत्तर पुढे वाचायच्या आधी त्यांना मेसेज कर, नंबर असेल तर सरळ फोन कर. छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, एका बाजूचा हात-पाय जड वाटतोय का, बोलताना जीभ अडखळतेय का, डोळ्यांसमोर अंधारी किंवा भयंकर डोकेदुखी आहे का, एवढं विचार, यातलं एक जरी हो असेल तर घरातल्या कुणाला तरी घेऊन लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही. काहीच नसेल तर पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, चहा घेतला असेल तर अर्धा तास जाऊ द्यायचा, मग परत मोजायचं, आणि तरी तसंच आलं तर आजच, फार तर उद्या, डॉक्टरला दाखवायचं. आणि शेजारच्या काकांची बीपीची गोळी घेऊ नका असं आवर्जून सांग, लोक घेतात.

झालं? आता बोलू. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. मी फिजिशियन, इथल्याच एमजीएम मेडिकल कॉलेजमधून शिकले, प्रॅक्टिसला सत्तावीस वर्षं झाली, सुदामा नगरात बसते. २०१५ पासून आधी फेसबुक, मग व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट आणि आता रील असं सगळं करून झालंय, त्यामुळे तुला जे आज दिसतंय ते मी बऱ्याचदा पाहिलंय आणि त्यात चुकाही मोठ्या केल्यात.

तुझी शेवेची रील मी पाहिली. माहिती सगळी बरोबर होती, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो हेही खरंच आहे. पण तू सुरुवातीलाच शेवेच्या पाकिटावर लाल फुली मारलीस ना, तिथे गाडी अडली. इंदूरमधे शेव म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजी नसेल तर शेवेचीच भाजी, आणि पाहुणा महाराष्ट्रातून आला की परत जाताना त्याच्या बॅगेत दोन किलो. माझ्या सासरी रामबागेत सासूबाईंचा पितळी डबा होता, तो रिकामा झालेला मी कधी पाहिला नाही. तू फुली मारलीस ती पाकिटावर, पण बघणाऱ्याला दिसली ती त्या डब्यावर. आईनं, आजीनं प्रेमानं जे वाढलं ते विष होतं असं कुणी परकं माणूस एका मिनिटात सांगतंय, असं त्याला ऐकू आलं, मग तो मिठाबद्दल कशाला बोलेल, तो आईच्या बाजूनंच बोलणार. शिवाय नमकीनच्या धंद्यावर किती घरं चालतात इथे, त्यातलेही काही तुझ्या कमेंटमधे होते, मला दोघं ओळखीचे दिसले.

हे मी बीपीच्या पेशंटकडूनच शिकले. 'शेव बंद' म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. मग मी म्हणायला लागले, शेव घालायची तर घाला मूठभर, पण मग पोह्यात मीठ निम्मं आणि वरून जीरावन मसाला नको, आणि लोणचं-पापड त्या दिवशी राहू द्या. तीच गोष्ट रीलमधे सांगितली आणि शेवटी एवढंच म्हटलं की आज बीपी मोजा आणि खाली आकडा लिहा, नाव नको. त्या दिवशी कमेंटमधे भांडण नव्हतं, आकडे होते, १५०/९६, १४२/९०, १६८/१००, ओळीनं. कित्येकांनी लिहिलं की आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं. २०२३ मधे आयसीएमआर-इंडियाबचा जो मोठा अभ्यास छापून आला त्यात देशातल्या मोठ्या माणसांपैकी ३५.५ टक्क्यांना बीपी आणि ११.४ टक्क्यांना, म्हणजे दहा कोटींहून जास्त लोकांना, डायबिटीस निघाला होता, तेव्हा खालचे आकडे बघून मला नवल वाटलं नाही, पण ते लोकांनी स्वतःहून लिहिले याचं वाटलं.

दुसरी कमेंट जी तुला फार लागलेली दिसते, 'आमचे आजोबा शेव खाऊन नव्वद वर्षं जगले, तुम्ही साठ तरी जगाल का', त्याला तू चार ओळींचं उत्तर दिलंस की एका माणसावरून सिद्ध काही होत नाही. बरोबर आहे, पण त्यानं ते सिद्ध करायला लिहिलंच नव्हतं. आजोबा काढले की समज, तो त्याच्या माणसाबद्दल बोलतोय. मी अशा वेळी विचारते, आजोबा दिवसाला किती चालायचे हो? विचारून बघ एकदा. एकानं मला इतकं लिहिलं, की आजोबा कापड मार्केटात मुनीम होते, लोकमान्य नगरातून पायी जायचे पायी यायचे, संध्याकाळी खजराण्याच्या गणपतीला मंगळवारी चालत, रात्री आठला जेवून नऊला झोप. मग खाली दुसऱ्यानं त्याच्या आजीचं लिहिलं. तासाभरात त्या कमेंटांमधे चालण्यावर जेवढी चांगली चर्चा झाली तेवढी माझ्या चालण्यावरच्या रीलला कधी झाली नाही, आणि मला फक्त एक प्रश्न विचारावा लागला.

आता एक गोष्ट सांगते, ती तुलाही दिसली असेल पण लक्षात आली नसेल. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाच्या दोन भाषा आहेत, चारचौघात हिंदी आणि घरात मराठी. माझ्या पोस्टवर जे टोमणे येतात ते जवळजवळ सगळे हिंदीत असतात, 'मैडम, आप तो रहने दो', अगदी ज्यांच्या घरी तीन पिढ्या मराठी आहे तेही टोमणा हिंदीतच मारतात. आणि रात्री साडेअकरानंतर इनबॉक्समधे जे येतं ते मराठीत असतं. 'ताई, बाबांच्या पायाला मुंग्या येतात, ते कोणाला सांगत नाहीत.' 'डॉक्टर, मैत्रिणीसाठी विचारतेय.' कित्येकदा माणूस तोच असतो. दुपारी शंभर लोकांसमोर त्यानं मला गप्प केलेलं असतं आणि रात्री तो घाबरलेला असतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी कमेंट वाचून लोकांचं मत ठरवणं सोडलं. एकदा एक गृहस्थ माझ्या इन्सुलिनच्या पोस्टखाली महिनाभर लिहीत होते, की एकदा सुई लागली की माणूस संपला, हा सगळा धंदा आहे. मी कंटाळून त्यांना खाजगीत लिहिलं, तुमच्या घरी कुणाला लागलं होतं का इन्सुलिन? दोन दिवसांनी उत्तर आलं, आईला. तिला इन्सुलिन सुरू केलं तेव्हा किडन्या आधीच गेल्या होत्या, डायलिसिसवर चार महिने काढले. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी सुई आली आणि मग आई गेली, त्यांनी तेच जोडलं, कुणीही जोडेल. मी त्यांना समजावलं की सुई उशिरा आली म्हणून, सुईमुळे नाही. ते पटलं असं मी म्हणणार नाही, अजूनही लिहितात ते, पण मधे त्यांनी स्वतःचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून मला पाठवलं होतं.

म्हणून चिडलेल्या प्रत्येकाशी वाद जिंकायचा विचार सोड. मी एका माणसाला कमेंटमधे एकदा उत्तर देते, नीट, त्याच्या नावानं, आणि ते त्याच्यासाठी कमी आणि खाली येऊन गुपचूप वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं. दुसऱ्यांदा फार तर एक ओळ. तिसरं नाही. आणि मला वाईट बोललेलं मी पुसत नाही, पण तीन गोष्टी लगेच पुसते: कुणी स्वतःचा रिपोर्ट किंवा फोन नंबर टाकला तर, कुणी दुसऱ्या कमेंट करणाऱ्याला हिणवलं तर, आणि कुणी डायबिटीस मुळापासून घालवायचं चूर्ण विकायला आला तर. या शेवटच्यावर तर १९५४ पासून कायदा आहे, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचा, त्याच्या यादीत डायबिटीस आहे, पण फोनवर कोण बघतंय.

तू म्हणतेस लसीला, शुगरला कोणी विचारत नाही. कशावरून? लाईकवरून ना? लाईक आपल्या गावात चारचौघांत हात वर करण्यासारखं आहे, नणंदेला दिसतं, ऑफिसात दिसतं. मी बायकांच्या लघवी गळण्यावर एक पोस्ट टाकली होती, खोकलं-हसलं की होतं ते, त्याला लाईक आले अकरा, त्यातले चार माझ्या घरचे. आणि सेव्ह बघितले तर शेकड्यानं. मूळव्याध, पाळी जाण्याचा काळ, पुरुषांचं प्रोस्टेट, सगळ्यांचं असंच. तुझ्या रीलच्या आत जाऊन सेव्ह आणि शेअर बघ, ते आकडे तुला दिसतात, बाहेरच्यांना लाईक जेवढे ठळक दिसतात तेवढे हे दिसत नाहीत, आणि तिथे वेगळीच गोष्ट सापडेल.

याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, राजेंद्र नगरकडून दोन ऑटो बदलून. काय होतंय म्हटलं तर म्हणाल्या ॲसिडिटी. ॲसिडिटीचं लिहून झालं, मी पुढच्या पेशंटला बोलवायला बेलवर हात ठेवला, तर त्या उठेनात. पर्समधून फोन काढला, काच कोपऱ्यातून तडकलेली, आणि गॅलरी उघडून अंगठ्यानं वर सरकवत राहिल्या, विजेचं बिल, गजानन महाराज, नातवाचं मुंडण, परत बिल, आणि मधेच माझी पोस्ट. स्तनातली गाठ हातानं कशी तपासायची, ती. स्क्रीनशॉट काढलेला, वर तारीख दिसत होती, सात महिन्यांपूर्वीची. फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि काही बोलल्या नाहीत, फक्त पदर नीट केला. सात महिने ती पोस्ट त्या फोनमधे होती आणि त्यावर त्यांचा लाईक नव्हता, कमेंट नव्हती, त्या मला फॉलोही करत नव्हत्या, भाचीनं ग्रुपवर टाकली होती. गाठ होती. त्याच आठवड्यात सर्जनकडे पाठवलं, उपचार झाले, आता बऱ्या आहेत. पण मला ते सात महिने टोचतात, कारण मी त्या पोस्टमधे कसं तपासायचं ते सगळं लिहिलं होतं आणि सापडली तर नेमकं कुठे जायचं, तिथे बाई डॉक्टर असते का, खर्च किती, हे एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांना नंतर विचारलं, एवढे दिवस का थांबलात, तर म्हणाल्या, कुठल्या खिडकीवर जायचं तेच माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारलं तर कळलं असतं ना सगळ्यांना.

हे इंदूरमधे राहून मला आधी सुचायला हवं होतं. आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येत राहिलं ते काय भिंतीवरच्या घोषणांनी? ओला-सुका वेगळा ठेवा हे आधीही सांगतच होते की. पण रोज सकाळी दारात कचऱ्याची गाडी यायला लागली, गाणं ऐकू आलं की डबे घेऊन खाली जायचं, आणि वेगळा नसेल तर गाडीवरचा माणूस तिथेच सांगतो. सांगणं आणि गाडी एकदम आली. आपल्या पोस्टमधे सांगणं असतं आणि गाडी नसते. त्यामुळे आता मी बीपीवर लिहिलं तर खाली लिहितेच, की तीस वर्षांवरच्या कुणाचंही बीपी-शुगर सरकारी केंद्रात फुकट तपासतात, तुमच्या भागात संजीवनी क्लिनिक कुठे आहे ते बघा, सकाळी जा, आधार कार्ड जवळ ठेवा. पोस्ट दिसायला बोजड होते, होऊ दे.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. २०१६ च्या सुमारास मी डायबिटीसच्या पायाचा एक फोटो टाकला होता, काळी पडलेली बोटं, वर लिहिलं होतं 'शुगर सांभाळा नाहीतर'. पेशंटची परवानगी होती, चेहरा नव्हता, आणि पोस्ट प्रचंड चालली, माझ्या तोपर्यंतच्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त. मला वाटलं काय छान काम झालं. चार-पाच महिन्यांनी माझेच एक जुने पेशंट आले, मुलगा जवळजवळ उचलूनच घेऊन आला, तळपायाला जखम, दोन महिन्यांची, मोज्याच्या आत कापूस कोंबलेला. घरात कुणाला माहीत नव्हतं. मी रागावले, इतके दिवस का लपवलंत, तर ते खाली बघत म्हणाले, मॅडम, तो फोटो पाहिला होता, वाटलं दाखवलं की कापाल. एक बोट गेलंच त्यांचं. पहिल्या आठवड्यात आले असते तर ड्रेसिंगवर भागलं असतं. फोटो मी त्याच रात्री काढून टाकला.

नंतर वाचनात आलं की हे माझ्यापुरतं नाही. अमेरिकेत २०१४ मधे १७५९ पालकांवर एक प्रयोग छापून आला होता, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीबद्दल त्यांना वेगवेगळ्या प्रकारे सांगून बघितलं. आजारी मुलांचे फोटो दाखवले तर लशीमुळे ऑटिझम होतो हा गैरसमज उलट वाढलेला दिसला, आणि मरता मरता वाचलेल्या बाळाची गोष्ट सांगितली तर लशीच्या दुष्परिणामांची भीती वाढली. साधी माहिती दिली तर गैरसमज कमी झाला, पण ज्यांना आधीच लशीची धास्ती होती त्यांची लस द्यायची इच्छा आणखीनच कमी झाली. एकाही प्रकारानं पालकांची लस द्यायची तयारी वाढली नाही. हे वाचून आधी मी खचले, मग लक्षात आलं की घाबरलेल्या माणसाला आपण आणखी एक भीतीदायक चित्र दिलं तर तो ते चित्र घेऊन आपल्याकडे येत नाही, लपतो.

पूनम पांडेचं आठवतंय ना, २०२४ च्या फेब्रुवारीत? गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली अशी पोस्ट आली आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः सांगते मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. आदल्याच दिवशी बजेटमधे ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या कॅन्सरविरुद्धची लस देण्याला प्रोत्साहन द्यायचं बोललं गेलं होतं, किती चांगली वेळ होती शांतपणे बोलायची. आजाराचं नाव घरोघर पोचलं हे मी नाकारत नाही. पण त्या आठवड्यात माझ्याकडे एक आई आली जिनं मुलीच्या लशीची तारीख आधीच ठरवली होती, ती विचारते, यातही काही खोटं नाही ना? आपल्याकडे लोकांनी आधीच खूप खोटं पचवलंय. गोवर-रुबेलाची मोहीम २०१७ मधे देशात सुरू झाली तेव्हाही व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं, आणि २०२० च्या एक एप्रिलला आपल्या टाटपट्टी बाखलमधे कोरोनाच्या तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले, तेव्हाही मोबाईलवर अफवांचा पूर आलेला होता. त्या पथकातल्या डॉक्टर दुसऱ्या दिवशी परत कामावर गेल्या, मला वाटतं त्यांच्या परत जाण्यानं जे झालं ते कुठल्याच व्हिडिओनं झालं नसतं. तू ज्या लोकांवर वैतागलीयेस त्यांच्या डोक्यात हे सगळं आहे, तुझी रील त्याच्यावर जाऊन पडते.

आणखी एक, हे तुझ्या क्षेत्रातलं आहे म्हणून खास. लोक आपलं अर्धंच ऐकतात आणि ते अर्धं मात्र अगदी निष्ठेनं पाळतात. मिठाच्या रीलमधे तू 'कमी सोडियमवालं मीठ वापरा' म्हणालीस. त्या मिठात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं, बहुतेकांना चांगलंच आहे ते. पण ज्याची किडनी कमजोर आहे, किंवा जो टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेतोय, त्याच्या रक्तात पोटॅशियम चढू शकतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. ही ओळ तू कॅप्शनमधे शेवटी लिहिली होतीस, मी वाचली, पण रील पुढे जाते तेव्हा कॅप्शन मागेच राहतं. जे घातक ठरू शकतं ते तोंडानं बोलायचं, पहिल्या दहा सेकंदांत, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात.

इनबॉक्सचं आता. चाळीस मेसेज उघडवत नाहीत हे मी समजू शकते, पण तुझं खरं काम तिथेच पडलेलं आहे. सगळ्यांना सल्ला द्यायचा नाही, उलट देऊच नकोस. २०२३ च्या ऑगस्टमधे नॅशनल मेडिकल कमिशननं डॉक्टरांसाठी नियम काढले होते, सोशल मीडियावर उपचार लिहून देऊ नका, पेशंट तिथे आला तर त्याला रीतसर टेलिकन्सल्टेशनला किंवा प्रत्यक्ष यायला सांगा, लाईक-फॉलोअर विकत घेऊ नका, असं सगळं. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले, पण हे मुद्दे मला आधीपासूनच पटतात म्हणून मी पाळते, तू डॉक्टर नसलीस तरी पाळ. माझं तंत्र साधं आहे, रोज रात्री अर्धा तास, मेसेज तीन ढिगांत बघते. आजच हॉस्पिटलला जायला हवं असे, त्यांना लगेच. आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा असे, त्यांना कुठल्या प्रकारचा डॉक्टर, कुठले रिपोर्ट सोबत न्यायचे, एवढं. आणि ज्यांना नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय असे, ते सगळ्यात जास्त असतात. त्यांना दोन ओळी, पण स्वतः टाइप केलेल्या, कॉपी-पेस्ट नको, लोकांना कळतं.

घरच्या ग्रुपचं मी थोडक्यात सांगते कारण तिथे मलाही फार यश नाही. आत्येभाऊ सगळ्यांसमोर थट्टा करतो त्याला सगळ्यांसमोर उत्तर देऊ नकोस. काकांनी कारल्याच्या रसानं शुगर गेल्याचं फॉरवर्ड टाकलं, वर दोन बाण दिसतायत म्हणजे ते हजार हात फिरून आलंय, तरी ग्रुपवर 'हे खोटं आहे' लिहिलं की काकांचा अपमान झाला आणि रस डबल झाला. मी वेगळा फोन करते, काका, गोळी चालू आहे ना? रस प्या हवा तर, गोळी सोडू नका, आणि पंधरा दिवसांनी उपाशीपोटीची शुगर मला पाठवा. गोळी चालू राहिली की मला पुरे, कारल्याशी माझं भांडण नाही.

तर बंद करू नकोस. पण शेवेची रील परत कर, फुलीशिवाय. तुझ्या स्वयंपाकघरात, आईला शेजारी उभी करून, पोहे करतानाच, मीठ चमच्यानं मोजून दाखव, शेव घाल वरून, खा. बघ मग कमेंट कशा येतात, आणि नाही आल्या तर सेव्ह बघ.

आणि त्या काकूंचं काय झालं ते मला इथेच कळव. कुठल्या मशीननं मोजलं तेही विचार, मनगटावरचं असेल तर त्याचा भरवसा कमी, दंडावर पट्टा बांधायच्या मशीननं परत मोजायला हवं, आणि घरात सोबत कोणी आहे का ते आधी विचार, कारण एकट्या बसून बीपी मोजणाऱ्या बाईनं बहुतेक वेळा घरात कुणाला सांगितलेलं नसतं.